मुंगी, सूर्य आणि शिवणयंत्र

वाचकांचे प्रश्न : अतिवास्तववादी कवी

मागील अंकात पॅरिसच्या अतिवास्तववादी कवींवर, म्हणजे बुद्धीचा लगाम सोडून स्वप्नातल्यासारख्या प्रतिमा लिहिणाऱ्या कवींवर, एक पानभर टिपण दिले होते आणि चौकटीत त्यांच्यापैकी पॉल एल्युआर यांच्या एका कवितेची पहिली ओळ मराठीत छापली होती : ‘पृथ्वी निळी आहे, संत्र्यासारखी.’ त्या एका ओळीमुळे सोलापूर शहरातून आणि पंढरपूर, बार्शीकडून इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर पूर्णपणे त्याच विषयाला द्यावे असे ठरले. ही छपाईची चूक असावी असे तीन वाचकांनी कळवले आहे. त्यांना प्रथम सांगतो की ओळ मूळ फ्रेंचमध्ये तशीच आहे आणि कवीने तिच्या पुढच्याच ओळीत बजावले आहे : ‘चूक कधीच नाही, शब्द खोटे बोलत नाहीत.’

पंढरपूरहून एक निवृत्त मराठी शिक्षक लिहितात : ‘मुंगी उडाली आकाशीं, तिणें गिळिलें सूर्यासी, असे आमच्या मुक्ताबाईंनी सातशे वर्षांपूर्वी म्हणून ठेवले. मग १९२४ साली पॅरिसमध्ये जाहीरनामा काढून या मंडळींनी नवे काय केले?’

आलेल्या सर्व पत्रांत मला आपला प्रश्न सर्वांत मोलाचा वाटला, कारण मराठी वाचक या कवितेकडे कोणत्या वाटेने येतो ते त्यातून दिसते. वांझेला पुत्र होतो, विंचू पाताळात जातो आणि शेष त्याचे पाय वंदतो, माशी व्याली आणि घार झाली. ही चित्रे ज्याने लहानपणापासून कीर्तनात ऐकली आहेत, त्याला निळ्या संत्र्याचे भय वाटण्याचे कारण नाही.

तरीही दोहोंत एक मूलभूत अंतर आहे. मुक्ताबाईंचा अभंग हे कूट आहे, आणि कूटाला किल्ली असते. जीव अहंकार टाकून मुंगीएवढा सूक्ष्म झाला की जे आवाक्याबाहेरचे वाटते ते सारे त्याच्यात सामावते, असा अर्थ कीर्तनकार उलगडून दाखवतात. ज्ञानदेवांच्या ‘काट्याच्या अणीवर वसले तीन गाव’ या रचनेचेही तेच आहे. शब्द उलटे चालतात, कारण अनुभव भाषेपलीकडचा आहे. परंतु ज्याला तो अनुभव आहे त्याच्यासाठी प्रत्येक गाव, प्रत्येक कुंभार ठरलेल्या जागी बसतो.

आता या चळवळीचे प्रवर्तक कवी आंद्रे ब्रतों यांनी आपल्या १९२४ सालच्या जाहीरनाम्यात सांगितलेला प्रसंग पाहा. १९१९ साली एका रात्री झोप लागता लागता त्यांच्या मनात एक वाक्य स्पष्टपणे उमटले. त्याचा आशय असा होता, की खिडकीने मधोमध कापलेला एक माणूस आहे. वाक्यासोबत त्या माणसाचे पुसटसे चित्रही दिसले. या वाक्याचा अर्थ काय, हा प्रश्न ब्रतों यांनी धरून ठेवला नाही. माझी बुद्धी जागी नसताना माझ्यात हे कोण बोलले, हा प्रश्न त्यांनी धरला आणि आयुष्यभर सोडला नाही. जाहीरनाम्यात त्यांनी अतिवास्तववादाची शब्दकोशात शोभेल अशी व्याख्या दिली आहे, तीही याच दिशेची आहे : बुद्धीचे कोणतेही नियंत्रण नसताना आणि सौंदर्याची किंवा नीतीची कोणतीही चिंता न बाळगता विचाराने स्वतः सांगितलेला मजकूर उतरवून घेणे. येथे गुरू नाही, परंपरा नाही, किल्लीही नाही.

आपल्या मराठी संज्ञेमुळे एक गैरसमज होतो, तोही येथेच दूर करावा. ‘अति’ या उपसर्गामुळे वास्तव सोडून कोठेतरी पलीकडे जाण्याचा भास होतो. ‘स्युरेआलिस्म’ हा मूळ फ्रेंच शब्द कवी गीयोम अपॉलिनेर यांनी १९१७ साली घडवला. पुढच्याच वर्षी, महायुद्ध थांबण्याच्या अवघे दोन दिवस आधी, इन्फ्लुएंझाच्या साथीत त्यांचे निधन झाले आणि तो शब्द तरुण कवींकडे वारशाने आल्यासारखा आला. स्वप्न आणि जाग या परस्परविरोधी वाटणाऱ्या दोन अवस्था पुढे कधीतरी एकाच, अधिक पूर्ण अशा वास्तवात मिसळतील, असे ब्रतों यांनी लिहिले आहे. म्हणजे हे कवी वास्तवाला विटलेले नव्हते; वास्तवाचा फार मोठा भाग आपण झोपेत वाया घालवतो, अशी त्यांची तक्रार होती. सें-पोल-रू नावाचे एक ज्येष्ठ कवी झोपायला जाताना दारावर ‘कवी काम करीत आहे’ अशी पाटी लावीत, ही आख्यायिका ब्रतों यांनी जाहीरनाम्यात आदराने नोंदवली आहे.

आणि तरीही, सर, आपल्या अभंगातील शेवटचा चरण मला या कवींच्या अगदी जवळचा वाटतो : ‘देखोनि मुक्ताई हांसिली.’ अर्थ उलगडण्याआधी मुक्ताबाई नुसते पाहते आणि हसते. त्या पाहण्यात आणि हसण्यात जो निखळ आनंद आहे, तो किल्ली हाती येण्यापूर्वीचा आहे. अतिवास्तववादी कवितेला वाचकाकडून तेवढाच क्षण हवा असतो.

सात रस्ता परिसरातील एक डॉक्टर विचारतात : ‘हे सारे पॅरिसच्या कॉफीगृहांत बसून सुचलेले चाळे नव्हेत काय? नशा किंवा मनोविकार यांचा त्यात कितपत भाग होता?’

डॉक्टर, या चळवळीचा उगम कॉफीगृहापेक्षा आपल्या व्यवसायाच्या अधिक जवळ आहे. ब्रतों वैद्यकाचे विद्यार्थी होते आणि पहिल्या महायुद्धात त्यांना लष्करी रुग्णालयांत काम करावे लागले. १९१६ साली सें-दिझिए येथील मनोरुग्ण केंद्रात आघाडीवरून आलेले भ्रमिष्ट सैनिक त्यांनी रोज पाहिले. त्यांतल्या एकाविषयी त्यांनी पुढे सांगितले आहे. हा सैनिक आघाडीवर खंदकाच्या काठावर उभा राहून बोटाने तोफगोळ्यांना दिशा दाखवीत असे. सगळे युद्ध म्हणजे रचलेला देखावा आहे, जखमा रंगवलेल्या आहेत आणि प्रेते रुग्णालयांतून आणून पसरलेली आहेत, अशी त्याची पक्की खात्री होती. त्याला खोटे ठरवणारा एकही युक्तिवाद त्याच्यापुढे टिकत नसे. चळवळीतील दुसरे कवी लुई आरागाँ हेही वैद्यकाचे विद्यार्थी होते आणि ब्रतों यांच्याशी त्यांची ओळख १९१७ साली पॅरिसच्या लष्करी रुग्णालयात झाली. एल्युआर रुग्णसेवक होते. मृत आणि जखमी सैनिकांच्या घरच्यांना पत्रे लिहिणे हे त्यांचे काम होते.

विशीतील ही मुले. ज्यांनी हे युद्ध आखले ते सारे शहाणे, सुशिक्षित, तर्कशुद्ध बोलणारे लोक होते, आणि ज्यांना वेडे म्हणून खाटेला बांधले होते त्यांच्या बोलण्यात या मुलांना अधिक सत्य ऐकू येत होते. बुद्धीवरचा त्यांचा राग तेथून आलेला आहे. हे ध्यानात घेतले नाही तर त्यांची कविता लहरीपणाची वाटते.

नशेचे म्हणाल, तर चळवळीची मुख्य साधने झोप आणि वेग ही होती. १९१९ साली ब्रतों आणि त्यांचे कविमित्र फिलिप सुपो यांनी ठरवून, न थांबता, मागे न वाचता लिहायला सुरुवात केली आणि पहिल्या दिवसाअखेर सुमारे पन्नास पाने हाती आली, असे ब्रतों सांगतात. त्यातून ‘चुंबकीय क्षेत्रे’ हे पुस्तक १९२० साली निघाले. या स्वयंलेखनाची पुढे फार मिजास केली गेली, म्हणून दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. या पुस्तकाच्या हस्तलिखितात काटछाट आढळते, आणि स्वतः ब्रतों यांनीच १९३३ साली स्वयंलेखनाचा इतिहास हे एक अखंड दुर्दैव आहे अशी कबुली दिली. पद्धत फसली, पण तिने जे दार उघडले ते पुन्हा बंद झाले नाही.

अशोक चौकाजवळच्या कारखान्यात जेकार्ड या नक्षी विणणाऱ्या मागावर काम करणारे एक वाचक लिहितात : ‘विच्छेदनाच्या टेबलावर शिवणयंत्र आणि छत्री भेटली तर ते सुंदर कसे? आमच्या मागावर धाग्यांचा मेळ बसला तरच नक्षी उठते, नाहीतर माल बाद होतो.’

‘विच्छेदनाच्या टेबलावर शिवणयंत्र आणि छत्री यांच्या अवचित भेटीसारखे सुंदर’ ही आपण म्हणता ती उपमा या चळवळीची नव्हे, तिच्याही आधीची आहे. इझिदोर द्युकास नावाचा तरुण १८४६ साली दक्षिण अमेरिकेत माँतेव्हिदेओ येथे जन्मला आणि १८७० साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, वेढा पडलेल्या पॅरिसमध्ये वारला. लोत्रेआमों या टोपणनावाने लिहिलेल्या गद्यकाव्यात एका मुलाच्या सौंदर्याचे वर्णन करताना त्याने ही उपमा योजली. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे त्याला फार थोड्यांनी वाचले. त्याचे दुसरे पुस्तक इतके दुर्मीळ झाले होते, की १९१९ साली ब्रतों यांनी पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून ते हाताने उतरवून घेतले आणि आपल्या मासिकात छापले.

आपण मेळाचा मुद्दा काढला आहे आणि तो अगदी नेमका आहे, कारण याच मुद्द्यावर या कवींमध्येही मतभेद होता. पिएर रव्हर्दी या कवीने १९१८ साली लिहिले, की प्रतिमा तुलनेतून जन्मत नाही; एकमेकांपासून दूर असलेली दोन वास्तवे जवळ आणल्याने ती जन्मते. अंतर जितके लांब आणि नाते जितके अचूक, तितकी प्रतिमा बलवान. येथे ‘अचूक’ हा शब्द महत्त्वाचा आहे, आणि आपण ज्याला मेळ म्हणता तो हाच. ब्रतों यांनी अंतराची गोष्ट स्वीकारली, पण हे अंतर कवी हेतुपूर्वक मोजू शकत नाही असे सांगितले. विजेच्या दोन तारा जवळ याव्यात आणि ठिणगी उडावी तसे हे घडते, आणि ठिणगीवरून प्रतिमेची किंमत ठरते.

जेकार्डवर नक्षी आधीच भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांत ठरलेली असते; धोटा कितीही वेगाने धावला तरी मोर निघायचा तेथे मोरच निघतो. (जेकार्डही फ्रान्समधलाच, लियों शहरातील जाकार यांनी १८०४ च्या सुमारास हे यंत्र सिद्ध केले आणि आज सोलापुरी चादरीची ओळख त्यावर उभी आहे.) या कवींनी पुठ्ठे काढून टाकले, परंतु ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, ताण तसाच ठेवला. दोन वस्तूंमधले अंतर हा तो ताण आहे. ताण सैल पडला तर आपण म्हणता तसा माल बाद होतो, आणि खरे सांगायचे तर या चळवळीतील पुष्कळ कविता बादच आहेत. नुसती दोन विसंगत नावे शेजारी ठेवली की झाले, असे मानणाऱ्या अनुकरणकर्त्यांनी तिचे सर्वाधिक नुकसान केले.

आता निळे संत्रे याच कसोटीवर लावून पाहा. ‘पृथ्वी संत्र्यासारखी गोल आहे’ हे वाक्य शाळेच्या पुस्तकातले आहे. एल्युआर यांनी त्यातील ‘गोल’ हा शब्द काढला आणि त्या जागी ‘निळी’ ठेवला. गोलाई गेली नाही, न बोलता मागे राहिली. निळा आणि नारिंगी हे रंगचक्रात समोरासमोरचे रंग आहेत. शेजारी ठेवले की एकमेकांना उजळवतात. म्हणजे कानाला चूक वाटणारी ओळ डोळ्याला बरोबर वाटते. ही ओळ १९२९ सालच्या संग्रहातली आहे, आणि पृथ्वी अंतराळातून निळसर दिसते हे सांगणारा पहिला माणूस त्यानंतर बत्तीस वर्षांनी वर गेला. कवीला हे आधीच कळले होते असा दावा मी करणार नाही. पण मेळ बसला आहे, हे आपल्यासारख्या कारागिराला पटावे.

शहरातील एक वकील विचारतात : ‘ज्या काळात आमच्या सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि चार जण फासावर गेले, त्या काळात हे कवी स्वप्ने पाहत होते. गुलाम देशांविषयी त्यांना काही वाटत होते काय?’

वाटत होते, आणि त्यांनी ते उघडपणे सांगितले. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली. त्याच वर्षी मे महिन्यात फ्रान्स सरकारने पॅरिसच्या सीमेवर वसाहतींचे एक प्रचंड प्रदर्शन भरवले. जिंकलेल्या देशांची देवळे, घरे आणि माणसे तेथे पाहुण्यांना दाखवण्यासाठी मांडली होती. ‘वसाहतींचे प्रदर्शन पाहू नका’ असे पत्रक या कवींनी काढले. ब्रतों, एल्युआर, आरागाँ, पेरे, शार यांच्या सह्या त्यावर आहेत. पुढे त्याच वर्षी त्यांनी वसाहतींचे खरे स्वरूप सांगणाऱ्या प्रतिप्रदर्शनातही भाग घेतला. लाखोंच्या गर्दीपुढे या प्रयत्नाचा आवाज लहान होता, पण तो होता.

याहून मोठी गोष्ट वसाहतींतील कवींनी स्वतः केली. कॅरिबियन समुद्रातील फ्रेंच वसाहत असलेल्या मार्तिनिक बेटावरचे एमे सेझेर यांची ‘मायभूमीकडे परतण्याची वही’ ही दीर्घ कविता प्रथम १९३९ साली छापली गेली. १९४१ साली नाझींनी पाडाव केलेल्या फ्रान्समधून निसटून अमेरिकेकडे जाणारे ब्रतों त्या बेटावर अडकले. मुलीसाठी रिबन घ्यायला एका दुकानात गेले असता तेथे ठेवलेला ‘त्रोपिक’ या मासिकाचा अंक त्यांनी चाळला आणि सेझेर यांची ओळ वाचून ते थक्क झाले. ब्रतों यांनी सेझेर यांना ‘शोधले’ असे काही लेखांत म्हटले जाते, ते मला मान्य नाही. सेझेर आपल्या कवितेपर्यंत स्वतःच्या पायांनी पोहोचले होते. राज्यकर्त्यांची फ्रेंच भाषा आतून फोडून तिच्यातून आपला आवाज काढण्याचे हत्यार म्हणून अतिवास्तववाद आपल्या उपयोगी पडला, असे त्यांनी पुढे सांगितले. नामदेव ढसाळ यांचा १९७२ सालचा ‘गोलपिठा’ वाचलेल्या मराठी वाचकाला, प्रभावाचा कोणताही दावा न करता, हे विधान चटकन समजावे. सेझेर पुढे अर्धशतकाहून अधिक काळ मार्तिनिकमधल्या फोर-द-फ्रान्स शहराचे महापौर होते.

मात्र या कवींची राजकीय कहाणी एकसंध उजळ नाही आणि ती तशी रंगवणे अप्रामाणिकपणाचे होईल. एल्युआर यांची ‘स्वातंत्र्य’ ही कविता १९४२ सालची. शाळेच्या वह्यांवर, बाकावर, झाडांवर, वाळूवर, बर्फावर मी तुझे नाव लिहितो, असे म्हणत ती कडव्यामागून कडवे पुढे जाते आणि नाव मात्र अगदी शेवटी उच्चारते. शेवटी पत्नीचे नाव लिहायचे कवीच्या मनात होते. लिहिता लिहिता दुसराच शब्द आला. ब्रिटिश विमानांनी या कवितेच्या प्रती नाझीव्याप्त फ्रान्सवर टाकल्या. कवितेचे याहून मोठे भाग्य कोणते?

परंतु १९५० साली प्राग येथे झाविश कालांद्रा या लेखकाला, जो स्वतः तेथील अतिवास्तववाद्यांचा मित्र होता, खोट्या खटल्यात फाशीची शिक्षा झाली. ब्रतों यांनी एल्युआर यांना जाहीर पत्र लिहून विनवले, की आपला हा जुना स्नेही आहे, त्याच्यासाठी आवाज उठवा. तोपर्यंत कम्युनिस्ट पक्षाचे मोठे कवी झालेल्या एल्युआर यांनी उत्तर दिले, की निर्दोषत्व सांगणाऱ्या निर्दोषांसाठीच मला इतके काम आहे, की गुन्हा कबूल करणाऱ्या गुन्हेगारांकडे पाहायला वेळ नाही. कालांद्रा यांना त्याच वर्षी जून महिन्यात फाशी दिली गेली. ‘स्वातंत्र्य’ ही कविता मी आजही मोठ्याने वाचतो आणि प्रत्येक वेळी हे उत्तर आठवते. कविता त्यामुळे खोटी ठरत नाही. पण तिच्याजवळ हे उत्तर ठेवूनच ती वाचली पाहिजे असे मला वाटते.

जुळे सोलापूर येथून एक भगिनी विचारतात : ‘या कवितांत स्त्री सर्वत्र आहे, पण स्त्री-कवी कोठे आहेत?’

ताई, आपण दुखऱ्या जागेवर बोट ठेवले आहे. १९३१ सालची ब्रतों यांची एक प्रसिद्ध कविता प्रियेच्या केसांना सरपणाच्या आगीची उपमा देऊन सुरू होते आणि तिच्या एकेका अवयवावर प्रतिमांची रास घालत जाते. कविता अप्रतिम आहे, पण तिच्यातील स्त्री एक शब्दही बोलत नाही. या वर्तुळात स्त्रीला प्रेरणा, गूढ, वेड, बालिका अशी रूपे मिळाली, लेखणी क्वचितच.

तरी काहींनी ती घेतली. जिझेल प्रासिनोस चौदा वर्षांची असताना, १९३४ साली, तिच्या रचना या मंडळींनी तिच्याच तोंडून ऐकल्या. आलिस राहों यांचा पहिला संग्रह १९३६ साली निघाला आणि त्याच वर्षी त्या व्हालांतीन पेनरोझ या दुसऱ्या कवयित्रीसोबत भारतात आल्या होत्या. पुढे राहों मेक्सिकोत स्थायिक होऊन चित्रकार म्हणून अधिक नावारूपाला आल्या. मला स्वतःला सर्वांत ताकदीच्या वाटतात त्या इजिप्तमध्ये वाढलेल्या जॉइस मन्सूर. १९५३ साली त्यांचा ‘किंकाळ्या’ हा पहिला संग्रह आला. शरीर, भूक, मरण आणि वासना यांविषयी त्या इतक्या थेट बोलतात, की पुरुष कवींची सगळी गूढ स्त्री तेथे विरघळून जाते. त्यांच्या कविता लहान आहेत. मराठीत त्या याव्यात अशी माझी फार इच्छा आहे.

एक प्राध्यापिका विचारतात : ‘मराठीत अतिवास्तववादी कवी कोणाला म्हणावे?’

चळवळ म्हणून कोणालाच नाही. मर्ढेकरांच्या १९४७ सालच्या ‘काही कविता’मधील ओल्या पिंपात मेलेले उंदीर अनेकांना या वळणाचे वाटतात, परंतु त्या कवितेतील प्रत्येक शब्दावर बुद्धीची पकड घट्ट आहे. १९५४ साली ‘शब्द’ हे अनियतकालिक काढणाऱ्या अरुण कोलटकर आणि दिलीप चित्रे यांचे या कवितेशी नाते अधिक खरे आहे. कोलटकरांच्या आरंभीच्या मराठी कवितांत ते स्पष्ट दिसते. सदानंद रेगे यांचे नाव मी त्यांच्या जोडीने घेईन, कारण विपरीत प्रतिमा त्यांच्याकडे सहज, न ओढता येते.

एका शाळेतील शिक्षिका विचारतात : ‘आठवीच्या मुलांना ही कविता कशी समजावून द्यावी?’

समजावून देऊ नये, खेळायला द्यावी. १९२५ च्या सुमारास या कवींनी एक खेळ काढला. कागदावर एकाने एक शब्द लिहायचा, घडी घालून पुढच्याला द्यायचा, आणि सर्वांचे झाल्यावर घडी उलगडायची. त्यातून निघालेल्या पहिल्या वाक्यांपैकी एक असे होते : ‘उत्कृष्ट शव नवी मदिरा पिईल.’ त्यावरूनच खेळाचे नाव ‘उत्कृष्ट शव’ असे पडले.

मराठीत हा खेळ खेळताना लिंगभेदाची अडचण येते, कारण आधीच्याने काय लिहिले ते माहीत नसते. त्यावर उपाय सोपा आहे. क्रियापद भविष्यकाळी एकवचनी ठेवावे (शिवेल, पिईल, उघडेल), म्हणजे कर्ता पुल्लिंगी असो वा स्त्रीलिंगी, रूप बदलत नाही. विशेषणेही न बदलणारी घ्यावीत : लाल, गरम, हुशार, गरीब. क्रम असा : विशेषण, कर्ता, विशेषण, कर्म, क्रियापद. मी काही मुलांबरोबर खेळलो तेव्हा ‘हुशार चिमणी लाल रेल्वे शिवेल’ असे वाक्य निघाले आणि चिमणी कोणत्या दोऱ्याने शिवेल यावर अर्धा तास चर्चा झाली. घरोघरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी मुले आपल्या वर्गात असणारच. त्यांना त्यांच्या घरचा शब्द लिहू द्यावा. ज्या शहरात द. रा. बेंद्रे यांच्यासारखा कन्नडचा महाकवी बारा वर्षे प्राध्यापक होता आणि मराठीतही लिहीत होता, त्या शहराला हे जड जाऊ नये.

बार्शीची एक विद्यार्थिनी लिहिते : ‘रोबेर देस्नोस यांनी छळछावणीत लिहिलेली शेवटची कविता मी महाविद्यालयाच्या कार्यक्रमात वाचणार आहे. तिच्याविषयी माहिती द्यावी.’

कविता अवश्य वाच, परंतु ती छळछावणीत लिहिलेली नाही, हे आधी समजून घे.

देस्नोस १९०० साली पॅरिसमध्ये जन्मले. १९२२ साली या कवींनी एकत्र बसून कृत्रिम झोपेचे प्रयोग केले, त्यांत देस्नोस यांच्याइतके सहज कोणी झोपत नसे. डोळे मिटून ते बोलत, लिहीत, चित्रे काढीत, आणि ब्रतों त्यांना या चळवळीचा सर्वांत मोठा द्रष्टा मानीत. त्याच ब्रतों यांनी १९२९ च्या सुमारास त्यांच्यावर कठोर टीका करून त्यांना दूर लोटले, कारण देस्नोस वृत्तपत्रांत लिहून पोट भरत होते आणि कम्युनिस्ट पक्षाच्या शिस्तीत बसत नव्हते. पुढे ते आकाशवाणीवर काम करू लागले. १९३८ साली त्यांनी श्रोत्यांनी पाठवलेल्या स्वप्नांवर एक कार्यक्रम चालवला. ज्या माणसाला स्वप्नांच्या चळवळीतून काढले होते, तो सामान्य माणसांची स्वप्ने पत्राने मागवून घेत होता. मला त्यांच्या आयुष्यातील हा भाग फार आवडतो.

युद्धकाळात ते प्रतिकार चळवळीत होते. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्यांना पकडले. ऑश्विट्झ, बुखेनवाल्ड, फ्लॉसेनबुर्ग आणि शेवटी चेकोस्लोव्हाकियातील तेरेझीन असा त्यांचा प्रवास झाला. छावणी मुक्त झाली तेव्हा ते टायफसने अंथरुणाला खिळले होते. रुग्णांच्या यादीत त्यांचे नाव पाहून योझेफ स्टुना या चेक विद्यार्थ्याने त्यांना विचारले, की आपण कवी देस्नोस यांना ओळखता काय. त्यांनी उत्तर दिले, की तो मीच. ८ जून १९४५ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मृत्यूनंतर एका चेक वृत्तपत्राने त्यांच्या एका जुन्या कवितेचा शेवटचा भाग चेक भाषेत, थोडा बदलून, छापला. तो पुन्हा फ्रेंचमध्ये आणला गेला तेव्हा कोणाला मूळ कविता आठवली नाही. मरणाच्या दारात लिहिलेली नवी कविता सापडली असे सर्वांना वाटले आणि ‘शेवटची कविता’ या नावाने ती जगभर गेली. मूळ कविता ‘मी तुझी इतकी स्वप्ने पाहिली आहेत’ ही असून ती १९२६ सालची आहे, आणि इव्होन जॉर्ज या गायिकेवरच्या त्यांच्या एकतर्फी प्रेमातून आलेली आहे. तिची सुरुवात साधारण अशी : मी तुझी इतकी स्वप्ने पाहिली आहेत, की तू तुझे खरेपण हरवत चालली आहेस. शेवटी कवी स्वतःच भुतांमधले एक भूत होतो आणि प्रियेच्या आयुष्याच्या सूर्यघड्याळावर आनंदाने फिरणाऱ्या सावलीहून शंभर पटींनी सावली होऊन उरतो. छावणीतील माणसाचे हे शब्द आहेत असे लोकांना का वाटले, ते ही ओळ वाचली की कळते.

म्हणून तुला माझी विनंती अशी, की तुला मिळालेले मोजक्या ओळींचे रूप बाजूला ठेवून १९२६ ची पूर्ण कविता वाच, निवेदनात ते साल स्पष्ट सांग, आणि तेरेझीनची हकीकत कविता वाचून झाल्यावर सांग, आधी नको.